सोपानआबांचा ताबा

आमचे चुलत सासरे सोपानआबा कळसला स्वतःच्या गोठ्यात, गाईंसाठी आणलेल्या रबरी मॅटवर, डोक्यावरची टोपी न काढता पिलाटिस शिकवतात. यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. पटत नसेल तर सकाळी साडेदहाला जाऊन बघा. मात्र थंडीत गेलात तर साडेअकराला जा, कारण आबांचा वर्ग वर्षातून दोनदा तासभर सरकतो. मार्च संपता संपता एक तास अलीकडं येतो, ऑक्टोबर संपता संपता एक तास पलीकडं जातो. का सरकतो ते आबा सांगत नाहीत. "टाइम झाला म्हंजे झाला," एवढंच म्हणतात.

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. मी बारामतीत विम्याच्या कचेरीत काम करतो. काम म्हणजे बसणं. लोकांना 'शरीराचा भरवसा नाही' असं सांगता सांगता माझंच शरीर कधी बेभरवशाचं झालं ते कळलं नाही. एका सकाळी मोजा घालायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. वंदना, म्हणजे आमची मंडळी, चहा घेऊन आली. तिला वाटलं मी देवाला नमस्कार करतोय. बिचारी कप हातात धरून माझा नमस्कार संपायची वाट बघत उभी.

डॉक्टरांनी माझ्या पोटात बोट खुपसलं आणि म्हणाले, "वरची चरबी लागली, आतले स्नायू काही हाताला लागत नाहीत. पिलाटिस सुरू करा." बारामतीत त्याची एक काचेची खोली नुकतीच निघाली आहे. आत घट्ट कपड्यांतली माणसं इतकी सावकाश हातपाय हलवत होती की मला आधी वाटलं वीज कमी दाबानं येतेय. त्या काचेत मला माझंही प्रतिबिंब दिसलं. मी आल्या पावली परत फिरलो.

वंदना म्हणाली, "काचेच्या खोलीत कशाला जाताय? आमचे आबा तेच शिकवतात. गोठ्यात." माझे सख्खे सासरे आमच्या लग्नाआधीच वारले, त्यामुळं सासुरवाडी म्हणजे हे आबाच. गाडीत बसताना तिनं बजावलं, "काय वाटेल ते बोला, फक्त मनीषाचं नाव काढू नका."

मनीषा ही आबांची एकुलती एक लेक. फिजिओथेरपी शिकून जर्मनीला गेली आणि तिथल्याच एका माणसाशी तिनं लग्न ठरवलं. आबांनी फोनवर तोंड सोडलं, "त्या गोऱ्याशी लगीन केलंस तर कळसची वाट इसर." लेक बापाचीच. तिनं लग्नही केलं आणि वाटही विसरली. आबांची बायको इंदूकाकू या दोघांच्या मधे झुरली, आणि दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हाही मनीषा आली नाही. ती आली नाही की आबांनी येऊ दिलं नाही, यावर भावकीत अजून दोन तट आहेत. मला मात्र यात एक फायदा झाला. त्या घरचा जावयाचा सगळा मान माझ्याकडं चालत आला, आणि मी तो लाजेकाजेस्तव का होईना, पोटभर खात होतो.

गोठ्याच्या एका अंगाला गाई, दुसऱ्या अंगाला आम्ही, मधे आडवा बांबू. शेजारच्या किराणा दुकानातल्या कौसरभाभी, कामं आटोपून आलेल्या चारदोन बायका, आणि एक निवृत्त ग्रामसेवक, जे आडवं होण्याचा व्यायाम झाला की पुढचे व्यायाम झोपेत करायचे. आबा समोर. अंगात बंडी, खाली पायजमा, एका कानात इयरफोन. गव्हाणीच्या कठड्यावर आमच्याकडं पाठ करून मोबाईल टेकवलेला.

"आबा व्हिडिओ बघून शिकिवत्यात," कौसरभाभी माझ्या कानाशी कुजबुजल्या. "पर शिकिवत्यात झकास."

"पाव्हणं," आबा म्हणाले, "श्वास पोटात न्हाय घ्यायचा. त्या गाईकडं बगा."

मी बघितलं. गाय बसून रवंथ करत होती. श्वास घेतला की तिच्या बरगड्या दोन्ही बाजूंनी रुंद व्हायच्या, सोडला की मिटायच्या.

"हिला कुणी शिकिवलं का? न्हाय. बरगड्या पसरायच्या, पोट आत धरायचं. नाकानं आत, तोंडानं भाईर." मी गाईकडं बघून श्वास घेऊ लागलो. गाय माझ्याकडं बघून थांबली. आम्ही साधारण एकाच वजनगटातले होतो, पण तिची पाठ माझ्यापेक्षा सरळ होती.

मग आबांनी मला त्यांचा लाडका प्रश्न विचारला. "ह्या अंगाचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्याच."

"आन् ताबा कुणाचा?"

मी खाली पोटाकडं बघितलं.

"त्येचाच! कूळ लागलंय पाव्हणं तुमच्या जमिनीला. आन् कूळ भांडून उठत नसतंय. हळूहळू, गोडीनं उठवायचं. ताबा पायजे, ताबा!"

हा 'ताबा' आबांनी मनानं काढलेला नाही. ज्या जर्मन माणसानं हा व्यायाम काढला त्यानं त्याला 'कंट्रोलॉजी' असंच नाव दिलं होतं. त्याचं आडनाव व्यायामाला लोकांनी मागाहून चिकटवलं. त्या माणसाची कथा आबा अशी सांगतात की तो शेजारच्या बावडा गावचा कुणी पाहुणा असावा.

"लहानपणी निस्ती काडी गडी. दमा, मुडदूस, सांधं धरल्यालं. पोरं चिडवायची. मग गड्यानं काय सोडलं न्हाय. बाप कसरतीतला, त्यो शिकला. मुष्टियुद्ध शिकला. आपला योगसुदिक धुंडाळला. जनावरं आळस कसा देत्यात त्ये बघत बसायचा म्हनं. पुढं इंग्रजांच्या मुलखात गेला आन् तितं लढाई पेटली. जर्मन म्हनून धरला, छावणीत कोंडला. तितली आजारी मानसं खाटंवरनं उठंनात. ह्यानं खाटंच्या स्प्रिंगा सोडिवल्या, दांड्याला बांधल्या, आन् म्हनला, पडल्या पडल्या वढा. तितनं सुटला, पुढं अमेरिकेला निघाला. बोटीवर बायकू गाठ पडली. त्यो शिकवायचा, ती संबाळायची."

इथं आबा दरवेळी टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "चला, पाय वर."

आबांनीही गोठ्यामागच्या जुन्या खाटेला ट्रॅक्टरच्या सीटच्या स्प्रिंगा बांधल्या आहेत. मी एकदाच पाय अडकवला. ओढला तोवर ठीक होतं. सोडल्यावर माझी चप्पल दुधाच्या किटलीत सापडली.

आबांचे बाकीचे नियम शेतातनं आलेले. ऊस वाऱ्यात कितीही हलू दे, बुडखा हलता कामा नये. तसं पोटाच्या आतनं घट्ट राहायचं, हातपाय त्या जोरावर हलवायचे. एका हालचालीतनं दुसऱ्या हालचालीत पाटाच्या पाण्यासारखं जायचं, बादलीनं ओतल्यासारखं नाही. "धा येळा येडंवाकडं करन्यापरीस एकडाव नीट करा," आणि करताना ध्यान तिथंच हवं. ध्यान उडालं की टोपी पडते, म्हणून टोपी; मलाही त्यांनी एक घालायला लावली. टोपी पडली म्हणजे ताबा सुटला.

आबांची टोपी कधी पडली नाही. गुडघे छातीशी धरून चेंडूसारखं मागं लोळायचं आणि परत बसतं व्हायचं, असा एक प्रकार आहे. आबा सत्तरीत टोपीसकट लोळतात आणि टोपीसकट उठतात. मी मागं गेलो तो गेलोच. बांबूखालनं गाईंच्या बाजूला निघालो आणि गव्हाणीला डोकं लागल्यावर थांबलो. माझी टोपी गाईनं चघळायला घेतली. ग्रामसेवक तेवढ्यापुरते जागे झाले.

पण खरं सांगतो, दोन महिन्यांत मोजा घालायला लागलो. दोन्ही पायांत.

अडचण एकच, वेळ. मला फक्त रविवार मोकळा, आणि रविवारी साडेदहा ही मटण आणायची वेळ. मी म्हटलं, "आबा, व्यायाम पहाटे करतात. सहाला ठेवा."

"सूर्व्य हलंल, ही येळ न्हाय हलायची."

वर्षातले ते दोन दिवस सोडले तर खरंच हलायची नाही. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि आबांनी हातातल्या अक्षता शेजाऱ्याच्या हातात दिल्या, 'माज्याबी टाका' म्हणून सांगितलं आणि घर गाठलं. एकदा आमदार गावात येणार होते, तेव्हाही आबा गोठ्यात. कौसरभाभींचं म्हणणं, हे सगळं गाईंच्या दुधाच्या वेळेवर आहे. ग्रामसेवक म्हणायचे, शनीची काहीतरी बाधा असणार. मी शिकलेला असल्यामुळं मला काहीच सुचलं नाही.

आता माझा आगाऊपणा. बारामतीत आमचं सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ आहे. आम्ही बागेला अर्धी फेरी मारतो आणि उरलेली अर्धी चहाच्या टपरीवर पुरी करतो. तिथं मी एकदा बोलून बसलो, "आमचे सासरे जर्मन पद्धत शिकवतात. अस्सल." मंडळी मागंच लागली. एका रविवारी सकाळी सहाला वर्ग ठरला, फलक छापून झाला, आणि आबांना विचारायचं तेवढं राहिलं.

पण नशीब जोरावर होतं, कारण नेमका अधिक महिना आला. आमच्याकडं याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. आणि जावई म्हणजे विष्णू, त्याला नाही म्हणायचं नाही. कळसला आमचं बोलावणं आलं. जेवण झालं. आबांनी माझ्यापुढं कपड्याचं ताट सरकवलं. मी ताट परत सरकवलं.

"आबा, कपडे नकोत. एक मागणं आहे. रविवारी सकाळी सहाला बारामतीत एक वर्ग घ्या."

वंदनानं मला पदराआडनं चिमटा काढला. आबांनी ते ताट परत जवळ ओढलं. विष्णूनं त्यांची भलतीच पंचाईत केली होती.

"साडेधाच्या आत म्हागारी आणून सोडताल?"

"सोडतो."

"बगा हं. एक दिस चुकला तर..."

"जावयाचा शब्द," मी छाती पुढं काढून म्हणालो. छाती पुढं काढायचीही तोवर मला सवय झाली होती.

रविवारी बागेत सगळं मंडळ सतरंज्यांवर आडवं झालं. आबा समोर, टोपी, बंडी, पायजमा. गाई नव्हत्या, कठडा नव्हता, कान मोकळा. आबा म्हणाले, "श्वास घ्या."

सगळ्यांनी घेतला.

आबांचा हात कानाकडं गेला, कानात काही नाही म्हटल्यावर परत आला. मंडळ छाती फुगवून पडलेलं. आबा आभाळाकडं बघतायत. आमचे अध्यक्ष मूळचे लाल, ते जांभळे व्हायला लागले. शेवटी त्यांनीच दातांतनं विचारलं, "आबा, सोडायचा का?"

"आँ? व्हय व्हय. सोडा." टायर बसावा तसा आवाज झाला.

पुढचं मी थोडक्यात उरकतो. पाय वर करायला सांगून आबा खाली घ्यायला सांगायचे विसरले. चेंडूसारखं लोळले आणि टोपी पडली. मी धावत जाऊन ती उचलून दिली. त्यांनी ती घातली नाही, नुसती हातात धरून बसले. 'अस्सल जर्मन' असं मागं कुणीतरी बोललं आणि दोघंतिघं हसले. मला बागेतल्या कारंज्यात जीव द्यावासा वाटला, पण कारंजं बंद होतं.

आणि वर्ग फसला म्हणून सत्कार थोडाच चुकतो? शाल आणली होती, नारळ आणला होता, भाषणं घरनं लिहून आणली होती. अध्यक्ष 'व्यायामाचे महत्त्व' यावर बोलले, उपाध्यक्ष 'अध्यक्षांचे महत्त्व' यावर बोलले. आबा शाल पांघरून दर पाच मिनिटाला माझ्याकडं बघायचे आणि मी 'झालंच' अशी खूण करायचो. तिथनं निघायलाच साडेनऊ होऊन गेले.

इंदापूर रस्त्याला लागलो आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. पंक्चर. मागचं जादाचं चाक काढलं, तर त्यातही हवा नाही. इतरांना 'वेळीच तरतूद करा' सांगणाऱ्या माणसाची ही तरतूद.

शेजारी एक रसवंती होती. मालकाला मी पंक्चरवाल्याला फोन लावायला सांगितलं आणि आबांसमोर येऊन उभा राहिलो. "येईलच आबा तो. अर्धा तास फार तर."

आबांनी घड्याळ बघितलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मोबाईल हाय माज्यापाशी. पर कानातलं घरी ऱ्हायलं." आणि रसवंतीच्या बाकावर टेकले. मग जमिनीकडं बघत, मला सांगतायत की स्वतःला, ते मला कळलं नाही, असं बोलायला लागले.

"तुमची काकू करायची ह्यो व्यायाम. गुडघ्यासाठी. लेक शिकवायची तिला, मोबाईलवरनं, रोज ह्याच टायमाला. म्या शेण काढत आयकायचो. आयकून न आयकल्यावानी. मग ती गेली. तेरावं झालं, आन् दुसऱ्या दिशी साडेधाला तिचा मोबाईल वाजला. उचलला. पल्याडनं कोन बोलंना. म्याबी बोलंना. लई येळ. मग ती म्हनली, 'श्वास घ्या, आबा.' म्या घेतला."

"मग?"

"मग काय. तवापास्नं घेतुया."

"आणि बोलता काय?"

"काय बोलायचं? ती म्हनती वढा, म्या वढतो. ती म्हनती सोडा, म्या सोडतो. झालं की ती ठिवती, म्याबी ठिवतो."

"मग वर्ग कशाला काढलात?"

"एकला आसलो की डोळं भरायचं पाव्हणं, व्यायाम कुटला व्हतोय? चार मानसांत ताबा ऱ्हातो."

त्या माणसाला मी फलक छापून बारामतीला नेला होता.

आबा उठले. खांद्यावरची सत्काराची शाल काढली, झटकली आणि रसवंतीच्या सावलीत जमिनीवर अंथरली. टोपी घातली. आडवे झाले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "धरा. हालवू नका."

बरोबर साडेदहाला तो वाजला.

पडद्यावर निळ्या मॅटवर बसलेली मनीषा. मागं खिडकी, खिडकीत ढगाळ सकाळ, भिंतीवरच्या घड्याळात सात. तिकडची माणसं उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढं करतात, म्हणून आबांचा वर्ग सरकतो. हे मला त्या सातच्या काट्याकडं बघताना कळलं.

नमस्कार नाही, कसे आहात नाही. "श्वास घ्या, आबा."

आबांच्या बरगड्या रुंद झाल्या.

"सोडा."

मी मोबाईल धरून वाकून उभा. पाठीतनं कळ निघाली, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा ध्यान लागलं. "डावा खांदा वर येतोय, आबा." आबांनी खांदा खाली घेतला. "मान सैल." मान सैल झाली. आबा चेंडूसारखे मागं गेले आणि परत आले. टोपी जागच्या जागी.

व्यायाम संपला. आता ती ठेवणार म्हणून आबा उठून शाल गोळा करायला लागले. तेवढ्यात रसवंतीचा चरक सुरू झाला आणि घुंगरं वाजली.

मनीषानं फोन ठेवला नाही. "आबा," ती म्हणाली, "रसवंती आहे का? तुम्ही कुठं आहात? बरे आहात ना?"

आबांचा हात शालीवर थांबला. इतक्या वर्षांत त्यांना तिनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्यांनी पडद्याकडं बघितलं नाही. आमच्याकडं बापाला लेकीशी बोलायचं अवघड झालं की मधे कुणीतरी खुंटा लागतो. तो मी होतो.

"पाव्हणं," ते मला म्हणाले, "तिला सांगा, पंचर झालीया."

मी सांगितलं. तिनं ऐकलेलंच होतं.

आबांनी शालीची घडी घातली. ती मोडली, परत घातली. "आन् सांगा, धोंड्याचा महिना अजून सरला न्हाय म्हनावं. जावयाला धोंडं चालत असतील तर... न्हाय चालत म्हनला तर दुसरं करू कायतरी. या म्हनावं दोगं."

मला सांगायची वेळच आली नाही. पडद्यावर मनीषानं तोंडावर हात दाबला होता. डोळे मोठे झालेले, गाल फुगलेले, खांदे कानाला लागलेले, आणि आतला श्वास काही केल्या बाहेर येईना. त्या घरातलं माझं एकट्याचं जावईपण तिथंच संपलं, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

आबांनी माझ्या हातातनं मोबाईल घेतला. डोळ्यांजवळ धरला. पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं बघितलं.

"मने," ते म्हणाले, "सोड आता. श्वास सोड, पोरी."